खुंटीवरचं स्टेरिंग

ये गं मने, जवळ येऊन बस. तो फोन आधी उलटा ठेव. आता तू तिकडे पुण्यात आणि मी इकडे गोडदेवात, म्हणजे जवळ बसणार कशी, तर माझ्या अक्षरापाशी बस. वाकडं आहे, पण वाचता येतं. हेच फोनवर सांगायला घेतलं असतं तर "आजी, मीटिंग आहे" म्हणून तू अर्ध्यात सटकली असतीस. म्हणून लिहून काढतेय.

तुझी आई काल सांगत होती. तुझ्या नव्या गाडीला म्हणे कंपनीने परत बोलावलंय. स्टेरिंगच्या आत काहीतरी कमीजास्त झालंय, घेऊन या, फुकट बदलून देतो, असा दोनदा निरोप आला. आणि तू काय म्हणालीस? "चालतेय ना नीट. बघू पुढच्या महिन्यात." अगं शहाणे! माणूस घरी आलेल्या लग्नाच्या आमंत्रणालासुद्धा इतकं ताटकळत ठेवत नाही. "चालतेय ना नीट" हे वाक्य मी पूर्वीही ऐकलंय, याच गोडदेवात, आणि ते ऐकल्यावर एका माणसाची काय अवस्था झाली तेही पाहिलंय. तुझ्या आईने फोन ठेवला आणि शिवरामदादा जे डोक्यात आले, ते काही बसायचं नाव घेईनात. तसे ते कधी बसलेच नाहीत म्हणा.

शिवरामदादा आमच्या शेजारच्या खोलीत राहायचे. मिठाच्या ट्रकवर ड्रायव्हर. साठ-सत्तर सालच्या आसपासचं सांगतेय. तेव्हा इथे या बिल्डिंगा कुठल्या? आमची बैठी चाळ, समोर भातशेती, पलीकडे खाडीचं खाजण आणि त्याच्याही पलीकडे मिठागरं. उन्हाळ्यात मिठाचे ढीग असे चमकायचे की तिकडे बघून परत घरात बघितलं की काही दिसायचं नाही. चाळीत बहुतेक आम्ही रत्नागिरीकडचे. मिठाची आगरं मात्र इथल्या जुन्या लोकांची. शिवरामदादांचे मालकही त्यातलेच, भाऊशेट. धोतर, पांढरी टोपी, बोलणं इथलं गावठी. गाडीला ते 'गारी' म्हणायचे, 'मला'ला 'मना'. दादा ड्रायव्हर मालकाचे, पण गाडी दादांची, हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं.

उंच, काटकुळा माणूस. कान मोठे. सुमनवहिनी, म्हणजे त्यांची बायको, म्हणायची, "गाडीचं ऐकू यायला देवाने मुद्दाम दिलेत. माझं तेवढं ऐकू येत नाय." जेवायला पाटावर बसले तरी उजवा पाय पुढे दाबलेला. भात कालवताना ताट दोन्ही हातांनी जरा डावीकडे, जरा उजवीकडे. वहिनी ओरडायची, "अहो, ताट आहे ते, वळण नाय!" खाटेवर बसले तर कडेवर, कोणी हाक मारील आणि उठावं लागेल असे. चाळीत एक लग्न लागत होतं. भटजी मंगलाष्टकं लांबवत होते, तर पुढच्या रांगेत बसलेले दादा अस्वस्थ होऊन पायाने क्लच दाबतायत! सगळी बायकामाणसं अक्षता टाकायची सोडून त्यांच्या पायाकडे बघत होती.

एकदा आम्ही सगळे ठाण्याला बसने गेलो. हे ड्रायव्हरच्या पाठीमागे उभे. जागा होती तरी उभे. प्रत्येक वळणाला बसच्या आधी हे वळायचे. शेवटी तो ड्रायव्हर म्हणाला, "काका, तुम्हीच या इथे."

"नको नको," दादा म्हणाले, "तू चालवतोस बरा. तिसरा टाकायला जरा उशीर करतोस, एवढंच."

आणि तुझी आई! तुझी आई या जगात आली ती त्यांच्या ट्रकमधून, हे तुला तिने सांगितलंय की नाही? सकाळीच माझ्या पोटात कळा सुरू झाल्या. तुझे आजोबा कामावर गेलेले. दादांनी मला रिकाम्या ट्रकमध्ये पुढे बसवलं, शेजारी वहिनी, आणि निघाले घोडबंदरच्या रस्त्याने ठाण्याच्या दवाखान्याला. समोरच्या काचेत वहिनीने शनिवारी बांधलेलं लिंबू-मिरची लोंबत होतं. दादा म्हणाले, "त्या लिंबाकडे बघत राहा. लिंबू हललं तर मला सांग."

मी कळा सोसतेय आणि लिंबाकडे बघतेय. चेण्याचं वळण गेलं, खड्डे गेले. लिंबू आपलं देवघरातल्या घंटेसारखं सरळ. मी पुढे कधीतरी विचारलं, तर म्हणाले, "लोक नजर लागू नये म्हणून बांधतात. मी बांधू देतो ते गाडी कुठे ओढते ते कळावं म्हणून. नजर लागो न लागो, मला त्याचा उपयोग आहे." तेव्हापासून त्या लिंबावर माझी श्रद्धाच बसली.

पण दादांचं खरं वेड म्हणजे लेप. मीठ लोखंड खातं. ट्रकमधून खारं पाणी ठिबकायचं, खाली सगळीकडे पसरायचं. मिठाच्या गाड्या तीनचार वर्षांत खालून चाळणी व्हायच्या. दादा दर रविवारी गोणपाट अंथरून गाडीखाली उताणे शिरायचे आणि जळकं ऑइल, म्हणजे इंजिनातून काढलेलं काळं तेल, हाताने सगळ्या लोखंडाला चोळायचे. वर थोडी ग्रीस. त्याच्यावर पुढच्या रविवारी पुन्हा. बाळंतीण बाळाला तेल लावते तसं. वर्षानुवर्षं थरावर थर. बोट घातलं तर पेरभर आत जाईल. त्यांचं बघून सगळ्या आगरातले ड्रायव्हर तेच करायला लागले. कोणी नवीन आला की त्याला दादांकडे पाठवायचे: "जा, लेप शिकून ये." त्यांचा सगळ्यात लाडका चेला लक्ष्मण. तोही आमच्याच तालुक्यातला, लग्न नुकतंच झालेला. त्याची गाडी दादांच्या गाडीची बहीण, एकाच वेळी आलेली.

आता मूळ गोष्ट.

एका उन्हाळ्यात काशीमिऱ्याच्या नाक्यावर कंपनीचे लोक येऊन बसले. तंबू, टेबल, दोन फिटर. ट्रकवाल्यांना सांगणं असं, की आपल्या अमुक गाड्यांमध्ये स्टेरिंगचा एक दांडा कच्चा निघालाय. चाकांना वळवणारा दांडा. सगळ्यांचा नाही, काहींचाच. कच्च्यांवर एक शिक्का उठवलेला आहे, चौकोनातली फुली. तो दिसला की आम्ही दांडा बदलून देऊ, पैसे नकोत.

पैसे नकोत म्हटल्यावर तर ड्रायव्हर लोक बिथरलेच. चहाच्या टपरीवर चर्चा: "फुकट? कंपनी फुकट देतेय? आपला चांगला काढतील, सडका लावतील." कितीकांनी गाड्या आडवाटेने न्यायला सुरुवात केली. दादांनी मात्र मालकाला न विचारता गाडी पहिल्याच दिवशी नाक्यावर नेली. लक्ष्मणालाही ओढून नेलं, आगरातल्या आणखी चारपाच जणांनाही.

फिटर खाली शिरला. बॅटरी मारून बघतो तर सगळं काळंकुळकुळीत. त्याने चिंध्यांनी जरा पुसलं, बोट फिरवलं. शिक्का दिसला नाही. बाहेर येऊन म्हणाला, "दादा, काय ठेवलीय गाडी! लोणच्यासारखी मुरवलीय. गंजाचा ठिपका नाही. तुमचा दांडा ठीक आहे." आणि बंपरवर खडूने बरोबरची खूण केली. लक्ष्मणाच्याही गाडीवर केली. आगरातल्या सगळ्यांच्याच.

त्या दिवशी दादांनी चाळीत पेढे वाटले. मुलगा मॅट्रिक झाल्यासारखे. "लोणच्यासारखी, असं म्हणाला तो," हे त्यांनी मला दोनदा सांगितलं आणि तुझ्या आजोबांना तीनदा.

पुढे काही दिवस गेले आणि दादा खोलीतून दारात, दारातून अंगणात करायला लागले. वहिनी मला म्हणाली, "काय झालंय काय कळत नाय. पान वाढलं तर ताट फिरवत नायत." मला हसू आलं होतं, पण ती हसली नाही.

दादांनीच सांगितलं एकदा. अंगणात फेऱ्या घालता घालता. "लिंबू डुलतंय."

"म्हणजे?"

"चेण्याच्या वळणावर. मी सरळ आणतोय, गाडी जरा उशिरा येतेय. हाक मारल्यावर पोरं येतात तशी. स्टेरिंग फिरवलं की मध्ये काहीतरी रिकामं लागतं, मग गाडी ऐकते. आधी असं नव्हतं."

ते त्यांनी भाऊशेटना जाऊन सांगितलं. शेट आगरावरच्या झोपडीत हिशेब करत बसलेले. वर न बघता म्हणाले, "गारी पास झाली ना तुझी? खडू मारला ना?"

"मारला, शेट. पण हाताला..."

"चालते हाय ना नीट? मंग. पावसाच्या आत मीठ उचलायचं हाय सगलं. गारी उभी केली तर ढीग इथंच इरघळंल. लिंबू डुलतंय तर लिंबू बदल."

हे दादांनी मला हुबेहूब सांगितलं, शेटच्या आवाजात. सांगताना हसले आणि लगेच फेरी घालायला निघाले. शेट म्हणाले ते खोटं नव्हतं. फिटरने बघितलं होतं, दादांनी स्वतः दहा वेळा खाली शिरून बघितलं होतं. कुठे काही नाही. सगळं काळं, सगळं जिथल्या तिथे. हात सांगत होता एक आणि डोळा सांगत होता दुसरं. मागे गोण्यांवर माणसं बसलेली असायची, भरायला-उतरवायला घेतलेली. ती वर गप्पा मारायची, विडी ओढायची. दादा म्हणायचे, "त्यांचं हसणं ऐकू येतं मला पुढे. पूर्वी बरं वाटायचं."

मग झाला तो सत्यनारायण. आमच्या चाळीचा. प्रसादाचा शिरा करायला सगळ्यांची पातेली एकत्र आलेली, बाहेर तीन दगडांच्या चुलीवर. दुसऱ्या दिवशी नळावर घासायला बसलो तर दोन पातेली सारखी. एक मी उचललं, तेच सुमनवहिनीने धरलं.

"माझं आहे ते," मी म्हटलं. "माहेरून आलंय. नाव घातलंय त्याच्यावर."

"माझ्या पण पातेल्यावर नाव घातलंय! सोड!"

आता नाव बघायचं कुठे? दोन्ही पातेली काजळीने अशी माखलेली की तळ कुठला, काठ कुठला कळेना. आणि आम्ही दोघी भांडतोय. खरंच भांडतोय, आईबापांपर्यंत पोचलो. दादा दारात दात घासत उभे. तोंडातली राखुंडी थुंकून ओरडले, "अगं बायांनो, आधी घासा, मग भांडा! काजळीखाली नाव आहे, वर काय दिसणार आहे..."

आणि थांबले. तोंड उघडंच. राखुंडीचं बोट तसंच वर. माझ्या डोळ्यांसमोर आहे तो चेहरा. मग मेल्याहून मेल्यासारखे झाले आणि लुंगी खोचून आमच्यामधून, पाण्याच्या बादल्या लवंडत, पळत सुटले. जाताना वहिनीच्या हातातला काथ्या हिसकावून नेला. खोलीतून रॉकेलचा डबा उचलला.

"अहो, चूल कशावर पेटवू?" वहिनी मागून ओरडतेय.

पातेलं माझंच निघालं, ते सांगायचं राहिलं.

दादा आगरावर गेले ते सरळ गाडीखाली. गाडी भरलेली, गोण्यांवर माणसं चढायला लागलेली. दादा खाली पडून रॉकेलने तो दांडा घासतायत. वर्षानुवर्षांचा लेप. थर निघेपर्यंत बराच वेळ गेला. वरची माणसं विचारतायत, "ओ उस्ताद, सो गये क्या नीचे?" मग लोखंड दिसलं. लोखंडावर चौकोन. चौकोनात फुली. आणि फुलीच्या बाजूने केसाएवढी चीर.

म्हणजे कळलं का मने? लेप नसता, तर फिटरला पहिल्याच दिवशी दिसलं असतं. या माणसाने गाडीला मिठापासून इतकं जपलं, इतकं जपलं, की तिचं दुखणं कोणाला दिसूच नये अशी व्यवस्था करून ठेवली.

दादा बाहेर आले, माणसांना खाली उतरवलं, म्हणाले, "आज गाडी जात नाय." शेट धावत आले. दादा म्हणाले चीर आहे. शेट म्हणाले ही खेप हळू ने, पुढच्या आठवड्यात दाखवू. दादा नाही म्हणाले. शेट चिडले: "तू न्हाय तर दुसरा ड्रायव्हर हाय. खाल्ल्या मिठाला तरी जाग!"

यावर दादांनी काय केलं माहितीये? पाना घेतला, गाडीत चढले, स्टेरिंगचं ते गोल चाक बाहेर काढलं आणि काखेत मारून चालायला लागले. आगरातून बांधाबांधाने, गोडदेवपर्यंत. दुपारचं ऊन. वाटेत लोक विचारतायत, "दादा, गाडी कुठाय?" हे आपले चालतायत. घरात आले, दाराजवळच्या, सदरा टांगायच्या खुंटीला ते चाक टांगलं आणि खाली उभे राहिले. वहिनीने बघितलं आणि पहिलं वाक्य काय, "मग आता सदरा कुठे अडकवायचा?"

सगळी चाळ बघायला आली. कोणी हात लावून नमस्कार केला. मला मात्र त्यांच्या खोलीची काळजी लागली, कारण ती शेटनीच मिळवून दिलेली. नोकरी गेली तर खोलीही जाणार.

संध्याकाळी शेट आले. सोबत दोन गडी. दारातच उभे राहिले, कारण आत शिरायचं तर टोपी त्या चाकाला लागली असती.

"माझं स्टेरिंग दे, शिवराम."

"देतो, शेट. एका अटीवर."

"अट? मना अट घालतोस?"

"तुम्ही माझ्या शेजारी बसायचं. भरली गाडी घेऊन घोडबंदरने ठाण्याला जाऊ. वर गोण्यांवर तुमचा धाकटा मुलगा बसूदे. मी चालवतो. आत्ता निघू."

वहिनी चहा घेऊन आली. कपबशी वाजत होती, पण बोलली ती ठसठशीत: "शेट, चहा घ्या. हे कामचुकार नायत. रविवारी पण तुमच्याच गाडीखाली असतात. माझ्या वाट्याला आला नाय कधी रविवार."

शेटनी चहा घेतला. बशीत ओतून, फुंकर मारत, सगळा. मग म्हणाले, "चल. दाखव मना."

तुझे आजोबा गेले होते बरोबर, म्हणून मला कळलं. शेटनी गड्यांना पुढे केलं नाही. टोपी काढून एकाच्या हातात दिली आणि पांढऱ्या धोतरानिशी स्वतः गोणपाटावर उताणे झाले. दादा शेजारी कंदील धरून. मग शेटचा आवाज आला, बारीक. "चीर हाय रं."

दुसऱ्या दिवशी गाडी रिकामी केली आणि नाक्यावर नेली, पण चालवत नाही. शेटच्या भातशेतीच्या बैलांच्या जोड्या जुंपल्या. पुढे बैल, मागे ट्रक, ट्रकमध्ये दादा ते चाक पुन्हा बसवून ताठ बसलेले, आणि सगळ्यात पुढे शेट चालतायत. आमच्या चाळीतली पोरं 'मोरया' ओरडत मागे. नाक्यावर फिटरने हातोडीचे दोनच ठोके घातले आणि तो दांडा तळलेल्या पापडासारखा तुटून त्याच्या हातात आला. तो फिटर पोरगेला होता बिचारा. खडू खिशातून काढून लांब भिरकावून दिला त्याने.

तुला वाटेल संपलं. मलाही वाटलं होतं. मी त्या संध्याकाळी वहिनीला म्हटलंसुद्धा, आता बसतील दादा जेवायला नीट. पण ते घरी आले तेच रॉकेलचा डबा मागत.

"आता कशाला?"

"मी सगळ्यांना शिकवलाय लेप," ते म्हणाले. "सगळ्यांच्या गाड्या माझ्यासारख्याच काळ्या. सगळ्यांवर खडू मारलाय. मीच नेलं होतं त्यांना."

सकाळपासून ते नाक्यावर उभे. मिठाची गाडी दिसली की हात आडवा. "उतर. घास." ड्रायव्हर टोमणे मारायचे, "काय दादा, काल लाव म्हणत होता, आज काढ म्हणता? आमच्या गाड्यांना काय दिवाळीची अंघोळ?" एक भय्या ड्रायव्हर तर म्हणाला, "दादा, इस उमर में पगला गये क्या?" दादा स्वतः खाली शिरायचे. दोघांच्या गाड्यांना शिक्का निघाला. मग टोमणे बंद झाले, लोक आपणहून घासायला लागले. सगळ्या झाल्या. राहिली लक्ष्मणाची.

लक्ष्मण मीठ घेऊन नाशिककडे गेला होता. तिकडून कांदा भरून येणार. येताना कसारा घाट उतरायचा, मग ठाणं, मग घोडबंदरचा रस्ता. तेव्हा कुठे मोबाईल होते? जिथे जिथे तो थांबायचा तिथल्या धाब्यांवर दादांनी येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांबरोबर निरोप पाठवले. निरोप पोचले की नाही, कळायला मार्ग नाही. लक्ष्मणाची बायको आमच्या चाळीत येऊन बसायची, विचारायची, "वहिनी, यांना काय होणार नाय ना?" वहिनी तिला भाजी निवडायला द्यायची. हातांना काम पाहिजे ना काहीतरी.

दादा चेण्याच्या वळणावर जाऊन उभे राहायला लागले. सकाळी जायचे, दिवेलागणीला यायचे. हातात वहिनीच्या जुन्या लाल लुगड्याचा तुकडा. रस्त्याकडे बघून बघून डोळे सुजलेले. एक दिवस डबा विसरून गेले, म्हणून वहिनी आणि मी बसने डबा घेऊन गेलो. तुझी आई माझ्या कडेवर.

आम्ही पोचलो आणि डबा उघडतोय तोच दादांनी मान वर केली. "आली," म्हणाले. आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. जराशाने ऐकू आलं, आणि मग वळणावरून गाडी दिसली. वर कांद्याच्या गोण्या, गोण्यांवर माणसं, कोणीतरी मोठ्याने गात होतं. दादा रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे. लाल फडकं वर. वहिनी किंचाळली, "अहो, बाजूला!" गाडी करकचून थांबली, दादांच्या पुढ्यात.

लक्ष्मण डोकं बाहेर काढून बघतोय, चेहरा पांढरा. "काय झालं दादा? कोण गेलं?"

"कोण जायला नको म्हणून उभा आहे. उतर."

मग तेच. गोणपाट, रॉकेल, काथ्या. गाणारी माणसं खाली उतरून भोवती जमली. लक्ष्मणही वाकून बघायला लागला. काळं निघालं, लोखंड दिसलं. चौकोन. फुली. आणि चीर, दादांच्या गाडीला होती त्याहून रुंद. नख जाईल एवढी.

लक्ष्मणाने चिरेत नख घालून बघितलं. मग म्हणाला, "दादा, काल कसारा उतरलो हो मी."

दादा खालून बाहेर आले, हात चिंधीला पुसले, रस्त्याच्या कडेला मैलाचा दगड होता तिथपर्यंत गेले आणि बसले. कडेवर नाही. अख्खे बसले. पाठ टेकून, दोन्ही पाय लांब सोडून, पाय जमिनीवर अगदी शांत. वहिनीने माझा दंड घट्ट धरला. "बघ," ती हळूच म्हणाली, "बसले."

तेवढंच. मी त्यांना तसं बसलेलं पुन्हा कधी पाहिलं नाही. घटकाभराने उठले आणि लक्ष्मणाला बैलजोड्या कुणाच्या आणायच्या ते सांगायला लागले.

लेप त्यांनी सोडला नाही हं. मीठ काही खायचं थांबलं नव्हतं. पण त्यानंतर आगरातले सगळेच एक करायला लागले. दर अमावास्येला गाडी खालून आधी घासायची, उघड्या लोखंडावर डोळा फिरवायचा आणि मगच नवं ऑइल. भाऊशेट दसऱ्याला गाडीची पूजा करायचे तेव्हा बॉनेटला हळदकुंकू लावून झालं की वाकून एक बोट खाली त्या दांड्यालाही लावायचे. आणि चाळीत कुठेही भांडण झालं की कोणीतरी ओरडायचंच, "आधी घासा!"

पुढे दादांची नजर कमी झाली. गाडी सोडली आणि ते दोघं गावी जायला निघाले. आम्ही बोरिवलीला एसटीवर पोचवायला गेलो होतो. वहिनी खिडकीजवळ बसलेली, सामान लागलेलं. दादांना नवा पांढरा सदरा घातलेला, मुद्दाम शिवलेला. एसटी सुटायची वेळ झाली तर दादा कुठे दिसेनात. बघते तर एसटीच्या पुढच्या चाकापाशी दोन पाय बाहेर आणि बाकीचे दादा आत!

"अहो, चढा आता! गाडी सुटली!" वहिनी खिडकीतून.

बाहेर आले. पांढऱ्या सदऱ्यावर पाठभर काळं. ड्रायव्हरपाशी जाऊन त्याच्या कानात काहीतरी म्हणाले, तो मान हलवून हसला. मग दादा चढले आणि त्याच्या पाठीमागच्या पहिल्या बाकावर, अगदी कडेवर बसले. एसटी हलली. डेपोच्या दारातून वळताना दादा आधी वळलेले मला मागच्या काचेतून दिसले. मग एसटी वळली.

तर मने, आता फोन सुलटा कर आणि कंपनीवाल्यांना सांग, उद्याच आणते म्हणून. नव्या गाडीला लेप नाही, तरी आतलं तुला दिसतंय थोडंच? आणि झालं की ये. तुझ्या आईला घेऊन ये, ती माहेरी यायची तर नुसती फोनवर येते. तेच पातेलं अजून आहे माझ्याकडे, नाव घातलेलं. त्यात शिरा करीन. लवकर ये गं. गाडी त्यांच्याकडे अडकून पडली तर एसटीने ये, रिक्षाने ये. मी गॅलरीत उभी असेन. बसवत नाही मला, कोणी यायचं असलं की.